कॅम्पपासून सुरुवात करू नका: आपल्या भागात आरोग्याचं काम कसं उभं करायचं

आधीच सांगून टाकतो, आमचं पहिलं आरोग्य शिबिर सपशेल पडलं होतं. पुण्यात आंबील ओढ्याच्या एका बाजूला आमची सोसायटी, पलीकडे वस्ती, मध्ये एक पूल आणि पुलाच्या तोंडाशी वडापावची गाडी. आम्ही चार-पाच जणांनी रविवारी सकाळी दहाची वेळ ठरवली, सोसायटीच्या हॉलमध्ये, फ्लेक्स लावला, एका खाजगी हॉस्पिटलची टीम बोलावली, पोहे-चहा ठेवला. आले बेचाळीस जण आणि त्यातले चाळीस आमचेच, ज्यांच्या घरी बीपीचं मशीन आहे आणि फॅमिली डॉक्टर तीस वर्षांपासून ठरलेला आहे. ओढ्यापलीकडून आल्या दोन बायका, त्याही आमच्याच बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या, त्यांच्या मॅडमनी पाठवलं म्हणून. त्यात लोकांनी आधी पोहे खाल्ले आणि मग शुगर तपासली, त्यामुळे आकडे बघून निम्म्यांची घाबरगुंडी. आणि त्या हॉस्पिटलने सगळ्यांचे नंबर लिहून घेतले होते, पुढचे सहा महिने पॅकेजचे फोन, त्याचे शिव्याशाप अर्थातच आम्हाला.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांना आपल्या भागात काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाहीये. माझं म्हणणं एकच आहे. तुमच्या भागात आरोग्याचं काम करणारी माणसं आधीपासून आहेत आणि ती कामाने पार वाकलेली आहेत, तुम्ही जाऊन त्यांच्या डोक्यावरचं ओझं थोडं हलकं केलंत तर ती तुमच्याबरोबर येतात, आणि वाढवलंत तर फोन उचलायचं बंद करतात.

आधी नुसतं फिरा, बोलू नका

दोन आठवडे काही जाहीर करू नका, ग्रुप बनवू नका, लोगो तर अजिबात नको. सकाळी सातला एकदा, दुपारी तीनला एकदा आणि रात्री आठला एकदा असं आपल्याच भागात फिरा. एक वही घ्या. पाणी किती वाजता येतं, कुठे तुंबतं, अंगणवाडी कुठंय, महापालिकेचा दवाखाना किती वाजता उघडतो, संध्याकाळी कोणत्या डॉक्टरकडे रांग लागते, मेडिकलवाला कोण, रिक्षा स्टँड कुठे, मंडळं किती, सार्वजनिक संडासाची अवस्था काय, हे सगळं लिहा. आम्हाला वीस वर्षं तिथे राहून माहीत नव्हतं की पलीकडे सकाळी पाणी येतं तेव्हा कुणालाही मान वर करायला वेळ नसतो, आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका घरी येतात दुपारी अडीच-तीनला, मग एक-दीड तास जरा निवांत आणि परत संध्याकाळची कामं. म्हणजे आमची रविवार सकाळी दहाची वेळ ही फक्त आमच्या सोयीची होती.

वॉचमनशी बोला. खरंच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन-बॅरे आजाराची, साथ आली आणि दूषित पाण्यावर बोट ठेवलं गेलं, तेव्हा आमचा भाग त्यात नव्हता पण सगळीकडे एकच प्रश्न सुरू झाला, आपल्याकडे टँकर येतो तो कुठल्या विहिरीचा? चेअरमनला माहीत नाही, सेक्रेटरीला माहीत नाही, वॉचमन काकांना टँकरचा नंबर, ड्रायव्हरचं गाव, विहीर कुठली, टाकी शेवटची कधी धुतली, सगळं पाठ.

कोण कोण आधीच काम करतंय

२०१३ मध्ये राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून शहरातसुद्धा आशा, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका, आहेत. साधारण हजार ते अडीच हजार लोकसंख्येला एक आशा ताई. तिच्याबरोबर वस्तीतल्या बायकांची महिला आरोग्य समिती असते, पन्नास ते शंभर घरांमागे एक, आणि त्या समितीला वर्षाला पाच हजार रुपये खर्चायला मिळतात. आमच्या सोसायटीत ही समिती म्हणजे काय हे एकालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. मग नर्सबाई, म्हणजे सगळे सिस्टर म्हणतात त्या, आणि अंगणवाडीच्या सेविका ताई. रोज दारात येणारी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेची ताई हिला तर लोक धरतच नाहीत, पण कुठल्या घरात इन्सुलिनच्या सुया उघड्या कचऱ्यात येतात, कुठे दारूच्या बाटल्या वाढल्यात, कुठल्या गच्चीवर भंगार साठलंय, हे तिच्याइतकं कुणाला दिसत नाही. (सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून वेगळ्या द्या, वर लिहा, तिच्या हाताला टोचतात. एवढं जरी सोसायटीत सुरू केलंत तरी एक काम झालं.)

बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, तळजाईला सकाळी हसणारी हास्यक्लबवाली मंडळी, शाळेच्या मुख्याध्यापक बाई, मेडिकलवाले, यांना एकेकट्याने भेटा. एकत्र मिटींग लगेच नको. आणि भेटल्यावर आपली योजना सांगू नका, एवढंच विचारा की ताई, तुमच्या कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? आमच्या आशा ताईंचं उत्तर काय होतं माहितीये, "तुमच्या सोसायटीच्या गेटवर मला आत सोडत नाहीत." तिला तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरच्या तपासणीसाठीचा फॉर्म भरायचा असतो, आणि आमचा वॉचमन तिला सेल्सगर्ल समजून परत पाठवायचा. आमची भागीदारी खऱ्या अर्थाने सुरू झाली ती गेटवरच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव कायमचं लिहिलं त्या दिवशी, खर्च शून्य.

महापालिकेत कुणाकडे जायचं

इथे नवीन माणूस हमखास चुकतो. आरोग्य निरीक्षक म्हटलं की आपल्याला वाटतं दवाखान्याचा माणूस, पण तो असतो घनकचऱ्याचा, त्याच्या हाताखाली मुकादम आणि झाडणकाम. डास, अळ्या, औषध फवारणी हे कीटक प्रतिबंधक विभागाचं. गढूळ पाणी आलं तर पाणीपुरवठा, ड्रेनेज तुंबलं तर मलनिःसारण. दवाखाना, लसीकरण, बीपी-शुगर यासाठी दवाखान्यातले मेडिकल ऑफिसर. एकाच अर्जात सगळं लिहून दिलंत तर तो अर्ज टेबलांवरून फिरत बसतो, म्हणून एक तक्रार एक अर्ज, क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच शिक्क्यासकट घ्या. आणि कधीतरी तक्रार न घेता जा. आमच्या मुकादमांना आम्ही पहिल्यांदा नुसतं थँक्यू म्हणायला गेलो तेव्हा ते दोन मिनिटं आमच्याकडे संशयाने बघत होते.

नगरसेवक एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार असतात. सगळ्यांना भेटा, पक्ष कुठलाही असो, आणि एकाच दिवशी सगळ्यांना तोच कागद द्या. एकाला आधी भेटलात तर तुम्ही त्याचे झालात, मग बाकीचे तिघे गेले. निवडणुकीच्या तोंडावर तर काहीच सुरू करू नका, आचारसंहिता लागली की साधा बोर्डसुद्धा झाकावा लागतो.

पहिली मिटींग कुठे घ्यायची

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे आम्ही दुसऱ्यांदा तोंडावर पडलो. पहिली मिटींग आम्ही परत आमच्याच हॉलमध्ये घेतली, खुर्च्या आहेत, पंखे आहेत, प्रोजेक्टर आहे म्हणून. पलीकडच्या पाच जणी आल्या, खुर्च्या रिकाम्या असताना मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, बसा बसा म्हटलं तर दोघी जमिनीवर बसल्या. आमच्यातल्या एका निवृत्त साहेबांनी पस्तीस मिनिटं स्वच्छतेवर भाषण दिलं. आशा ताई एक शब्द बोलल्या नाहीत. मिटींग संपली, सगळे पांगले, आणि गेटवर चप्पल घालता घालता त्यांनी मला पाच मिनिटांत जे सांगितलं ते त्या दीड तासात निघालं नव्हतं. संडासाचा दिवा बंद आहे म्हणून बायका रात्री जात नाहीत, म्हणून संध्याकाळी पाणी पीत नाहीत, म्हणून लघवीच्या जळजळीच्या तक्रारी. आम्ही तिथे पाणी भरपूर प्या हे पोस्टर लावायला निघालो होतो!

पुढची मिटींग अंगणवाडीत घेतली, दुपारी सव्वातीनला. तिथे सगळेच सतरंजीवर. आमच्या लोकांचे गुडघे बोलायला लागले आणि पलीकडच्या बायका बोलायला लागल्या. तेव्हापासून आलटून पालटून, एकदा इकडे एकदा तिकडे, पाऊण तासाच्या वर नाही, चहा एकच कप, आणि नियम असा की सगळ्यात आधी वस्तीतल्या ताई बोलणार, साहेब शेवटी. दिव्याचं काम, सांगायला बरं वाटतं, तीन अर्जांत झालं.

पहिलं काम छोटं आणि मोजता येणारं घ्या

मी तरी डासांपासून सुरुवात करा म्हणेन, कारण डास ओढा ओलांडताना सोसायटी बघत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना पटतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे पेशंट निघाले तेही याच डासामुळे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी केली की साखळी तुटते, हाच तो कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून चालत नाही हं, अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात, पाणी भरलं की परत जिवंत, म्हणून घासायचं. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचं टायर, बांधकामावरचा लिफ्टचा खड्डा, पिंपाचं नसलेलं झाकण. गंमत म्हणजे आम्हाला अळ्या जास्त सापडल्या त्या सोसायटीच्या बाल्कन्यांत, वस्तीत पाणी रोज संपतं, साठायला उरतं कुठे.

कसं करायचं: दोघांची जोडी, एक जण इकडचा एक तिकडचा, रविवारी सकाळी, एका जोडीला वीस घरं. वहीत दोनच आकडे लिहायचे, किती घरं बघितली आणि कितींत अळ्या सापडल्या. शंभर बघितली आणि आठमध्ये सापडल्या तर आठ टक्के, कीटक प्रतिबंधकवाले पण असंच मोजतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना तुमच्या बोलण्याला वजन येतं. शाळेतल्या पोरांना घरचा अभ्यास म्हणून द्या, पाचवीतली मुलं अळी शोधायला आईबापांच्या मागे लागतात ते बघण्यासारखं असतं. आणि धूर फवारणीसाठी सगळे हट्ट धरतील कारण धूर दिसतो, पण तो फक्त उडते डास मारतो, पाण्यातल्या अळीला काही होत नाही, हे दर वेळी परत परत सांगावं लागतं, कंटाळू नका.

कुणी दार उघडलं नाही तर रागावू नका. या शहराला त्याची जुनी आठवण आहे. १८९७ च्या प्लेगात रँडच्या अमलात गोरे शिपाई घराघरात घुसून झडत्या घ्यायचे, लोक आजारी माणूस लपवायला लागले, आणि पुढे गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. त्याच साथीत सावित्रीबाई आणि डॉक्टर यशवंत हडपसरच्या बाजूला रुग्णांची सेवा करत होते आणि त्यातच सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या. तेव्हा दारात जाताना आपण यातल्या कुणासारखे दिसतोय ते एकदा बघावं, एवढंच.

बीपी-शुगर दुसऱ्या टप्प्यात, आणि पाठपुराव्याशिवाय नाही

तपासणी सोपी आहे, पुढचं अवघड. बीपी १४०/९० च्या वर निघालं तर एका आकड्यावर ठरवत नाहीत, परत मोजावं लागतं, आणि ज्याचं जास्त निघालं त्याला सोमवारी सकाळी कुठल्या दवाखान्यात, कुठल्या खिडकीवर जायचं हे त्याच क्षणी चिठ्ठीवर लिहून द्यायचं. तेवढी सोय नसेल तर तपासूच नका, उगाच माणूस घाबरतो आणि काहीच करत नाही. आम्ही दवाखान्याच्या मॅडमना विचारून त्यांचाच दिवस घेतला, वेळ दुपारी तीन, जागा मंडळाचा कट्टा. आशा ताईंचे फॉर्म त्यातच भरून झाले. फॉर्ममध्ये वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला काय आहे यांना मार्क असतात, चारच्या वर गेले की तपासणीला त्यांचा नंबर आधी. फॉर्म भरायला आमच्या कॉलेजच्या मुली बसल्या, ताईंचं आठवड्याचं काम दोन दुपारींत उरकलं.

मेडिकलवाले काका या कामात सोनं आहेत. बीपीच्या गोळ्या कोण मध्येच सोडतं हे त्यांना कळतं. पण त्यांच्याकडून नावं मागू नका, ते बरोबर नाही. त्यांनाच सांगा की गोळ्या न्यायला माणूस आला नाही तर तुम्हीच एक फोन करा. ते करतात, त्यांचा धंदाही आहेच की त्यात.

नावांवरून आठवलं, पेशंटची यादी, रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. टीबीच्या बाबतीत तर डोळ्यात तेल घालून. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासा हे सगळ्यांना सांगायचं, पण कुणाला निघाला हे फक्त आशा ताई आणि दवाखाना. उपचार चालू असताना सरकारकडून महिन्याला हजार रुपये पोषणासाठी खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी पाचशे होते. निक्षय मित्र, म्हणजे टीबीच्या पेशंटला मदत करणारा सरकारी यादीतला स्वयंसेवक, होऊन तुम्ही धान्याची पिशवी देऊ शकता, पण ती दारात फोटो काढून नको. आमच्याकडे एकांनी काढला होता, त्या घरातल्या मुलीचं जमत आलेलं लग्न थांबलं. त्यानंतर आमच्या ग्रुपवर फोटो बंद.

मंडळं

पुण्यात मंडळांशिवाय काही होत नाही, कुणी काही म्हणो. त्यांच्याकडे मांडव, स्पीकर, पोरं आणि दहा दिवस हक्काची गर्दी असते, रक्तदान शिबिरं ती करतच असतात. पालख्या मुक्कामाला आल्या की नाना पेठ-भवानी पेठेत वारकऱ्यांचे पाय चेपण्यापासून औषधापर्यंत सगळं कोण करतं, हीच पोरं आणि गल्लीतले डॉक्टर, कुठलाही करार नसताना. फक्त त्यांच्याकडे चतुर्थीच्या आदल्या दिवशी जाऊ नका, आषाढात वर्गणीच्या मिटींगा सुरू होतात तेव्हा जा आणि आरतीआधीची पाच मिनिटं मागा, त्याहून जास्त मागाल तर मिळणार नाहीत आणि मिळाली तरी लोक ऐकणार नाहीत. आणि त्यांना नाव हवं असतं, द्या ना. आमच्याकडे फ्लेक्सवर कुणाचं नाव वर यावरून दोन मंडळांत एवढं वाजलं की शेवटी बाराखडीप्रमाणे नावं टाकली, तेव्हापासून शांतता आहे, फक्त 'ह' वाले जरा नाराज असतात.

हॉस्पिटल आणि पैसे

खाजगी हॉस्पिटलला बोलवायचं असेल तर अर्ध्या पानावर लिहून घ्या, कोण काय करणार, नंबर कुणाकडे राहणार, फोन करायचे नाहीत, आणि सही. सही करायला टाळाटाळ केली तर नको ते हॉस्पिटल. जवळ ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर तिथल्या सोशल वर्करला नक्की भेटा, कारण धर्मादाय हॉस्पिटलांना कायद्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि हे ज्यांना लागतं त्यांनाच माहीत नसतं. रेशन कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी काय लागतं, हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मेडिकलच्या काचेवर चिकटवा, आणि खाली अ‍ॅम्ब्युलन्स १०८, आरोग्याचा सल्ला १०४, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. रात्री दोन वाजता कुणी वेबसाईट शोधत बसत नाही.

ट्रस्ट रजिस्टर करायची घाई नको, वर्ष-दोन वर्षं तरी नकोच. एकदा खुर्च्या आल्या की भांडणं आली. जे लागेल ते त्या त्या वेळी गोळा करा आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर, हा एवढा एकच फोटो चालतो. बेंच, दिवा, संडासाची दुरुस्ती असल्या कामांना महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिक सूचना देऊ शकतात, पुण्यात हे २००६ पासून आहे, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. मुदत कधी आहे ते आधी विचारून ठेवा, ती गुपचूप येते आणि जाते.

पहिल्या महिन्यात एवढंच करा: फिरा, पाच माणसांना एकेकट्याने भेटा, आशा ताईचं नाव गेटवर लिहा, आणि एका रविवारी वीस घरं बघा. वही दोनशे पानी घ्या, आमची शंभर पानी दिवाळीच्या आत संपली.